बर्फाच्या गावाचं नाव

सिंगापूरला, सेंगकांगमध्ये आमच्याच इमारतीत राहणारे हे गृहस्थ म्हणजे आमच्या मंडळाच्या गणपतीचा लाउडस्पीकर. आरती यांचीच, अनाउन्समेंटही यांचीच. लिफ्टमध्ये "काय म्हणताय!" म्हणाले की वरच्या मजल्यालाही कळतं.

असा माणूस दर जानेवारीत एकटाच जपानमधल्या कुठल्याशा छोट्या स्की रिसॉर्टला जातो आणि गावाचं नाव काही केल्या सांगत नाही. "लहान गाव आहे हो, तुम्हाला कंटाळा येईल," एवढंच.

यंदा मी त्यांना खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, गाठलंच. "आम्ही चार फॅमिली येतो तुमच्याबरोबर. चिवडा, लाडू, रात्री अंताक्षरी!"

 कॉफीचा कप बाजूला सारून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. व्हिडिओत पिठासारखा भुसभुशीत बर्फ पडत होता. मोकळा उतार, झाडं, माणूस एकही नाही.

"आवाज वाढवा ना," मी म्हटलं.

"फुल्ल आहे," ते म्हणाले, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. मग नाइलाजाने त्यांनीच विचारलं, "सांगू नाव?"

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चार फॅमिली आल्या.

"राहू द्या," मी म्हटलं.