पेडलवरचा दुसरा पाय

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, सराव ऐन रंगात असताना, धाकट्याचा बूट ताईच्या पायावर पडला.

पियानो एक, वाजवणारी दोघं. ती डावीकडे, खालच्या स्वरांवर. तो उजवीकडे, वरच्या. स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल डावीकडच्याने सांभाळायचं. वडील शाळेत संगीत शिकवत. घरात पियानो एक आणि पोरं दोन, म्हणून शेजारी शेजारी दोन स्टुलं मांडली आणि हा नियम घालून दिला. पुढे शाळांचे हॉल झाले, ग्रंथालयं झाली, मोठी सभागृहं झाली, केस पांढरे झाले. त्याचा पाय कधी पेडलकडे गेला नव्हता.

"पाय आवर."

"चुकून गेला."

"चुकून जायलाही सवय लागते."

तिच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली तिचं स्टूल सकाळी फिरवून खाली उतरवलेलं सापडे, जणू कुणी लांब पायाचं माणूस त्यावर बसून गेलंय. करकरणारं पेडल आपोआप गप्प झालं होतं. त्यात परवा शेजारीण म्हणाली, "तुमचे भाऊ दुपारी एकटेच छान वाजवतात हो."

उजवीकडच्याला पेडल लागतं ते एकट्याने वाजवायचं असेल तरच. आणि मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने त्याला कोपऱ्यात घेऊन एकट्याचा कार्यक्रम करायची गळ घातली होती, हे तिला ठाऊक होतं. वर्तमानपत्रं त्याच्या बोटांवर रकाने भरत; तिला 'भक्कम साथ' म्हणून मोकळी होत. ताईशिवाय त्याचं अडणार नव्हतं. त्याच्याशिवाय तिला कोण बोलावणार?

"कधी आहे कार्यक्रम?"

"कसला?"

"एकट्याचा. मांजर डोळे मिटून दूध प्यायलं तरी लोक बघतच असतात."

त्याने चष्मा पुसला. "तुझा भाग शिकतोय, ताई. वरचे स्वर मला ऐकू येत नाहीत. खालचे येतात."

हे फारच सोयीचं होतं. तिने त्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. चुकीचा स्वर कानी पडला की त्याची मान झटका खाई, अगदी लहानपणापासून; त्यावरून वडिलांचा मारही खाल्ला, पण ती खोड गेली नव्हती. ती त्याच्या स्टुलावर बसली आणि त्याचाच भाग, पार वरच्या टोकाला, मुद्दाम चुकवत वाजवला. मान हलली नाही. पुन्हा चुकवला, जोरात. नाही. मग खाली एकच पट्टी चुकवली, हलकेच. मान उडाली.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"राहिलंय तेही जाईल."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"तुझा भाग पक्का झाल्यावर. माझा तर तुला येतोच."

"कुणी सांगितलं?"

"मी बाहेरगावाहून आलो की माझं स्टूल वर चढलेलं असतं. मी इतका बुटका नाही."

ताईने पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. फिरवण्यासारखी धूळ नव्हती.

"तू सोडून गेलास तर, म्हणून," ती म्हणाली.

"माझ्यावर एवढा विश्वास?"

"जेवढा तुझा माझ्यावर. ये, डावीकडे बस. स्टुलं बदलू."

उद्या नऊला सराव आहे. डावीकडचं स्टूल खाली, उजवीकडचं वर. पेडल धाकट्याच्या पायाखाली.