कॅमेरा माझ्या हातात होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, देवापुढेसुद्धा नाही. कसं सांगायचं तेच कळत नव्हतं — आणि खरं म्हणजे अजूनही कळत नाही. काय झालं ते मला पक्कं माहीत आहे. पण का झालं, असं विचारलंत तर मी दर वेळी वेगळं उत्तर देईन. तरी सांगते.

उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये एका लहानशा हॉस्पिटलात मी अकरा वर्षं काम केलं. खाली जीन्स शिवणारे कारखाने, वर आमचं ऑपरेशन थिएटर. मशिनींची घरघर लादीतून पायांना लागायची. कागदावर मी आया. पण पित्ताच्या पिशवीचं दुर्बिणीचं ऑपरेशन असलं की कॅमेरा मी धरायचे. नवल वाटतंय ना? छोट्या ठिकाणी असंच चालतं. ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सरांनीच मला शिकवलं होतं. पोटात घातलेली दुर्बीण धरायची, सरांची हत्यारं जातील तिकडे पडद्यावर दाखवत राहायचं आणि हात हलू द्यायचा नाही. माझा हात हलत नसे. सर बाहेरच्या डॉक्टरांना कौतुकाने तसं सांगायचे, आणि मला त्याचा चांगलाच माज चढला होता.

आता थोडं पोटातलं सांगावं लागेल, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. पित्ताची पिशवी यकृताला खालून चिकटलेली असते. तिच्या मानेतून एक बारीक नळी निघते, कोथिंबिरीच्या देठाएवढी, आणि ती मोठ्या नळीला जाऊन मिळते. पिशवी काढायची तर त्या बारीक नळीला क्लिपा लावून तिला कापायचं. मोठीला धक्का लावायचा नाही, कारण यकृतातलं सगळं पित्त तिच्यातूनच आतड्यात उतरतं. म्हणून सर आधी आजूबाजूची चरबी सोलून काढायचे. मागे यकृताचा तांबूस भाग मोकळा दिसला की म्हणायचे, "दिसलं. क्लिप द्या." इतक्या वेळा पाहून पाहून मीही मनातल्या मनात म्हणायचे — दिसलं.

सुगंधाबाई बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. भातशेती करणारी, काटक बाई. पित्ताच्या खड्यांनी दोन महिने तळमळली, मग नवऱ्याने बदलापूरहून रिक्षाने आणली. टेबलावर घेतलं तेव्हा तिने माझा हात पकडला. "ताय, मना लय भ्या वाटतंय. हात सोरू नको गं." भूल चढेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. ते मी केलं. ते खोटं नाही.

पण पिशवी सुजलेली होती, सगळं एकमेकांना चिकटलेलं. सर बराच वेळ सोलत राहिले. मग त्यांनी एक नळी उचलली आणि म्हणाले, "क्लिप." आणि मला — कसं सांगू? मला मागचा तांबूस भाग दिसलाच नव्हता. दिसलं, असं मनात आलंच नाही. नळीही जाड वाटली. क्लिपची दोन टोकं जेमतेम एकमेकांना भिडली. सरळ खाली निघालेली, पिशवीकडे न वळणारी, मोठी नळी असते तशी. हे सगळं माझ्या हातातल्या कॅमेऱ्यातून मी पाहत होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

मी बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, आया ती, तिने डॉक्टरला काय सांगायचं? हीच सबब मी स्वतःला कितीतरी वर्षं दिली. पण त्याच्या दोन आठवडे आधी अशाच एका ऑपरेशनला मी म्हटलं होतं, सर, अजून थोडं साफ करता का? तेव्हा सर भुलीच्या डॉक्टरांसमोर म्हणाले, "तू डॉक्टर कधी झालीस गं? कॅमेरा धर." भुलीचे डॉक्टर हसले. आणि त्या वेळी सरच बरोबर निघाले. मग या वेळी मी भ्याले का? की माझंच चुकत असेल असं वाटलं? की — हेही सांगून टाकते — मनात कुठेतरी असं आलं, की बघू या आता, साहेबांना किती कळतं ते? तिन्ही होतं असं वाटतं. कुठलं जास्त होतं ते ठरवायला बसते, आणि दर वेळी सगळा गुंता होतो.

कात्री चालली. नळी कापली गेली. हात तेव्हाही हलला नाही.

नंतर माझं नेहमीचं काम. पिशवीतले खडे धुऊन इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालायचे आणि बाहेर नातेवाइकांना दाखवायचे. सुगंधाबाईच्या नवऱ्याने बाटली दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी. "सगलं बराबर झालं ना, ताय?" मी म्हटलं, हो, हे बघा ना केवढे खडे निघाले. आणि हसले.

इथवरचं कदाचित माफ करता येईल, असं मी कधीकधी स्वतःला म्हणते. पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. जेवण जाईना. सर तिला तपासून आले, थिएटरच्या दारात थांबले आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "काल तुला काही वेगळं दिसलं होतं का गं?" विचार करा, ज्यांनी मला चारचौघांत गप्प केलं होतं, ते आता स्वतःहून विचारत होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी हो म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं असतं.

मी म्हटलं, "नाही सर. नेहमीसारखंच होतं."

का? काल का बोलली नाहीस, असं विचारतील म्हणून? नोकरी जाईल म्हणून? मला खरंच सांगता येत नाही. सरांना मात्र बरं वाटलं. त्यांनी गॅसचं औषध लिहून दिलं. त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट फुगलं, तापाने ती बरळायला लागली. मग मुंबई. पोटात नळी, कमरेला पित्त साठायची प्लास्टिकची थैली लटकवून ती तीन महिने राहिली, आणि मग आतडं वर ओढून यकृताशी जोडायचं मोठं ऑपरेशन झालं. सर सगळ्यांना सांगत राहिले की तिची आतली रचनाच वेगळी होती. मी शेजारी उभी राहून मान डोलवायचे.

ती वाचली. पण तेव्हापासून तिला मधूनच थंडी वाजून ताप येतो, आणि लावणीला चिखलात उतरणं कायमचं सुटलं. मी पुढे ते हॉस्पिटल सोडलं, अंबरनाथला राहायला आले. तिने माझा पत्ता शोधून काढला. सात वर्षं झाली, दर दिवाळीनंतर ती नवे तांदूळ घेऊन येते. माझ्या सुनेला सांगते, "हिनं माजा हात सोरला नाय." आम्ही तो भात खातो. मीही खाते.

गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा डोळे पुन्हा पिवळे दिसले. जोडलेली जागा अरुंद झालीय, पुन्हा मुंबईला दाखल व्हायचंय. म्हणाली, "तू येशील ना, ताय? तू हात धरलास का मना भ्या नाय वाटत."

मी हो म्हटलं. सोमवारी जायचंय. तिला सांगेन का, ते मला आज माहीत नाही. मला दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हाही डोळ्यांसमोर होतं. आणि मी नाही म्हटलं.