माझ्या गडग्याचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत शिरायला पाणंद होती. दोन्ही बाजूंना दगडांचे गडगे आणि मधून एक म्हैस अन् एक माणूस, म्हशीची हरकत नसेल तर, शेजारून जातील एवढी वाट. पुढे म्हशी संपल्या. अर्ध्या घरांना कुलपं लागली, उरलेल्यांवर 'राहण्याची व जेवणाची सोय' असे फलक लागले, आणि पाहुण्यांच्या गाड्या पाणंदीच्या तोंडाशीच अडू लागल्या. कारण एकच. माझा गडगा. तो तीन फूट मागे घेतला असता तर गाडी आत आली असती. मी तीन वर्षं घेत नव्हतो.

समोरच्या वहिनीने नुकत्याच दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. पाहुणे यायचे, पाणंद बघायचे, आपली चाकांची बॅग बघायचे आणि तारकर्लीला निघून जायचे.

"भावजी, पावणे तुमच्या गडग्याचा दर्शन घेवन परत जातत," वहिनी म्हणायची.

"वाडवडिलांचो गडगो तो," मी छाती काढून सांगायचो. खरं तर पाच पावसाळ्यांपूर्वी मीच तो पुढे सरकवून बांधला होता. हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं.

अशात वाडीची वार्षिक राखण आली. वेशीवरच्या देवचाराला, म्हणजे वाडीच्या राखणदाराला, नारळ ठेवायचा, एकाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांचा घसा बसला होता. ते माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "झिला, तुका बोलूचो कंटाळो नाय. तूच घाल."

मी हरखलो. आयुष्यभर कचेरीत अर्ज लिहिलेला माणूस मी. मला मागण्यांची काय वाण? पाऊस मागितला, काजूला मोहोर मागितला, मुंबईकरांना बढती मागितली. प्रत्येक मागणीला पाठून गजर होत होता आणि मला एकेका 'व्हय म्हाराजा'गणिक वीतभर उंच झाल्यासारखं वाटत होतं.

"वाडीतल्या लेकरांच्या धंद्याक बरकत दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पावण्यांच्यो गाड्यो दारापर्यंत येवंदेत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात वहिनीचा आवाज वरचा.

आता गाऱ्हाण्यात यापुढचं वाक्य ठरलेलं असतं. जिभेला सवय, ती थांबते थोडीच. "आणि ह्या कामात जो कोण आडवो येत असात, तेका बाजूक कर म्हाराजा."

मग असा गजर झाला की माडावरचे कावळे उडाले. घसा बसलेले तात्यासुद्धा ओरडले. आडवा कोण आहे, हे त्या देवचारासकट सगळ्यांना कळलं होतं. सर्वांत शेवटी मला.

देवापुढचा शब्द मागे घ्यायची सोय आमच्याकडे नाही. तरी घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "तां आपला बोलण्याच्या भरात..."

"देवाक सांगताना माका इचारलात?" ती म्हणाली. "मग आता कित्याक इचारतास?"

रविवारी सकाळी सगळी वाडी पहारी घेऊन हजर. पहिला दगड मीच काढायचा, असं तात्यांनी ठरवून टाकलं. दुपारपर्यंत गडगा तीन फूट मागे गेला. वहिनीने सगळ्यांना चहा दिला, मला दोनदा.

संध्याकाळी पहिली गाडी आत आली. आली ती थेट माझ्या नव्या गडग्याला घासून थांबली. चालकाने काच खाली करून विचारलं, "काका, हा आणखी थोडा मागे घेता येईल का?"

मी तोंड उघडणार, तोच बायकोने आतून सांगितलं, "तुमी बोलू नुको."