कागदाचा फुलोरा आणि काकींचा घास

परवा गौरी गेल्या... आणि मी अजून जमिनीवर आलेले नाही. ऑफिसात फाईल उघडते आणि एकटीच हसत बसते. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आमच्या घरच्या गौरी भोंगवलीला बसतात. आम्ही दोघं नोकरीमुळे भोरला, पण गौरी-गणपतीला गावी. गौरींच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा... म्हणजे करंज्या, साटोऱ्या, पापड्या तळायच्या, दोऱ्यानं मखराला बांधायच्या... हे काम सासूबाईंचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते कधी दुसऱ्याच्या हाती दिलेलं नाही.

यंदा श्रावणात त्या अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुखणं त्यांनी निमूट सोसलं, पण फुलोऱ्याचा विषय निघाला की डोळे भरून यायचे. "ह्या साली माज्या गौरी फुलोऱ्याबिगर बसणार," एवढंच म्हणायच्या. मला ते ऐकवायचं नाही.

मग सूनबाईनं तळावं की, असं तुम्ही म्हणाल. पण माझी करंजी तेलात पडली की तोंड उघडते, हे भोंगवलीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. मला येतं ते भलतंच... रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा आणि त्याची तोरणं, झुंबरं, लटकन करायची. घरात मला सगळे 'रद्दीवाली' म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, असं मी धरून चालते.

मी जाहीर केलं, यंदा फुलोरा कागदाचा!

शेजारीच आमच्या चुलत सासूबाई राहतात, काकी. देवाधर्माच्या बाबतीत आमच्या भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या कडाडल्याच, "देवीला रद्दी बांधायची व्हय? आमी न्हाई बघितलं असलं कुटं!"

मी वाद घालायला पदर खोचलाच होता, पण सासूबाईच मध्ये पडल्या. "करू द्या तिला. न्हाईतर मोकळंच ऱ्हाईल." त्यावर काकींनी अट घातली. नैवेद्याला पुरणपोळी आहेच, पण फुलोऱ्यात एक तरी करंजी खरी तळलेली पाहिजे. वर दम... "मला लांबनं वळखू येती. फसवायचं न्हाई."

मग काय, भोरच्या आमच्या दोन खोल्यांचा कारखाना झाला. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, गेल्या वर्षीचं कॅलेंडर... सगळं टबात. पहिला घाणा चक्क बुरसला. श्रावणातलं आमचं हवामान, ऊन कसलं मिळतंय! तेव्हा आठवलं, माझी आई रद्दीच्या टोपल्या करायची तेव्हा लगद्यात मेथी वाटून घालायची. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. दुसरा घाणा मेथी घालून केला आणि फ्रीजच्या मागे, गरम हवेत वाळवला. हाताला असा वास, की ऑफिसात शेजारची म्हणाली, डिंक-मेथीचे लाडू केलेस का गं?

साचा नवा आणला, कारण सासूबाईंच्या साच्यात रद्दी भरली असती तर मलाच घराबाहेर काढलं असतं. कडेला कातणानं मुरड दिली. रंगासाठी चहाचं पाणी आणि चिमूटभर हळद... आणि अहाहा, काय तो तळलेला रंग आला! मी स्वतःच्याच करंजीकडे बघत बसले होते, खोटं कशाला सांगू.

अटीतली खरी करंजीही तळली. ती नेहमीप्रमाणे फुटली, एका बाजूनं काळवंडली. तीच मधोमध बांधली.

पूजनाच्या संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या आणि वर बघतच राहिल्या. जी येईल ती सासूबाईंना विचारायची, "मोडक्या हातानं कसा वो केला एवढा?" सासूबाई नुसत्या हसायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या. काकी भिंतीला टेकून वरची एकेक करंजी निरखत बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाची आरती झाली. फुलोरा उतरवून प्रसाद वाटायचा, हे दरवर्षीचं काम काकींचं. त्या स्टुलावर चढल्या. मधली फुटकी, काळी करंजी हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यो बघा कागूद!" आणि ती बाजूच्या सुपात टाकली. मग कडेची एक सोनेरी, मुरडीची निवडली. "ही खरी. म्या सांगितलं नव्हतं, लांबनं वळखू येती?"

मी "अहो काकी..." म्हणेपर्यंत कचकन घास घेतलाही.

काकी चावतायत... चावतायत... चेहऱ्यावर नाना तऱ्हा. शेवटी म्हणाल्या, "सारनात मेथी घातलीया व्हय गं?"

त्यानंतर जो हशा उठला, तो वेशीपर्यंत गेला असेल! माझा नवरा तर जमिनीवर बसला. काकींनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तर त्या स्वतःच खदाखदा हसायला लागल्या. "देवीबी फसली आसंल बाई हिला! पुढल्या साली माज्या गौरींनाबी असाच कर."

मग बायकांची नुसती झुंबड उडाली. कुणी करंजी मागितली, कुणी पापडी... मखर बघता बघता रिकामं झालं. आज आमच्या आळीतल्या दारादारांवर माझी रद्दी डुलतेय!! मला आकाश ठेंगणं झालंय, आणि ते मी अजिबात लपवणार नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भोरला निघताना एसटीसाठी फाट्यावर उभी होते. सासूबाई सोडायला आल्या होत्या. गाडी दिसली, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "प्लास्टर निघालं की मला शिकीव."

स्वयंपाकघरात मला आजवर त्यांनी शिकवलं, मी त्यांच्या हाताखाली राहिले. एवढा मोठा मान मला कुणी दिला नव्हता. गाडीत बसल्यावर चांगली रडले... आनंदानंच.

शनिवारी सासूबाई प्लास्टर काढायला भोरला येतायत. या रविवारी पुन्हा टबात रद्दी भिजत घालतेय. दोघींपुरती.