कपाटातला उलटा पंखा

सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत शेलार गावी काकांच्या घरी नवं होम थिएटर पहिल्याच दुपारी तीनदा आपोआप बंद पडलं. काकांनी स्वतः केलेल्या सागवानी कपाटात ते बसवलं होतं आणि खोलीभर तापलेल्या पॉलिशचा वास सुटला होता. "अॅम्प्लिफायर तापतोय. मागे दोन पंखे लावलेत, तरी दारं काढावीच लागतील," बसवणारा तंत्रज्ञ म्हणाला. काकांनी दारांवरून हात फिरवला. त्या दारांवरची वेल कोरायला त्यांना अख्खा पावसाळा लागला होता. माझे वडील लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे जॉबर. त्यांनी खिशातला सुताचा धागा कपाटामागे एकेका पंख्यासमोर धरला. दोन्हीकडे तो आतच ओढला गेला. "दोघं पण आत फुंकतायत. गरम हवा जाणार कुठं?" तंत्रज्ञ हसला, "चाचा, लूमला अॅम्प्लिफायर असतो काय?" "न्हाय. पण हवा तीच हाय," म्हणत वडिलांनी वरचा पंखा उलटा बसवला. या वेळी धागा बाहेर फडफडला. काकांनी दारं लावून घेतली. सिनेमा अडीच तास चालला आणि आवाज एकदाही तुटला नाही. ती दारं आजही त्या कपाटाला आहेत.