रंगीत रोल

खामगावच्या बाजारातला तो फोटोवाला मला रोज जाता-येता दिसायचा. गिऱ्हाईक उठलं की खुर्ची पुसून सरळ करायचा आणि बोलताना आधी "पाहा बरं" म्हणायचा. मी नवाच कॅमेरा घेतला होता आणि आईला वेरूळ दाखवायला निघालो होतो.

"आईला घेऊन वेरूळला चाललोय. रंगीत स्लाइडचा रोल द्या," मी म्हणालो.

"पाहा बरं, रंगीत काऊन? स्लाइड एकच असते. ते खराब झाली का सरलं. साध्या रोलची निगेटिव्ह राह्यते, मंग कितीबी फोटो काढा."

"पण साध्यात रंग कुठे येतात?"

मग कपाटातून एक स्लाइड काढून त्याने दाराच्या उजेडात धरली. लोणारच्या तळ्याकाठी एक लहान मुलगी उभी होती. तिचा हिरवा परकर अजून ताजा दिसत होता, पण चेहरा बुरशीने खाल्ला होता.

"माही पोरगी. त्याच साली तापानं गेली. तिचा दुसरा फोटोच नाही. आता मले परकर आठवते, तोंड नाही आठवत."

मी साधा रोल घेतला. त्यानेच तो कॅमेऱ्यात भरून दिला. मी पायरी उतरलो तरी तो सांगत होता, "मायचा फोटो जवळून घ्या. लेण्या राहू द्या मागं."