राक्षसाचे पेले

बाइंडरच्या हातांना काही सांगावं लागत नसे. चौतीस वर्षं त्याने एकाच कारखान्यात पुस्तकं बांधली होती. छापील कागद घडी करायचा, हाडाच्या पट्टीने दाबायचा, दोऱ्याने शिवायचा, पाठीला खळ लावायची, हे सगळं हात आपापलं करत आणि डोकं तेवढ्यात कुठेही फिरून येई. मालक म्हणत, याचं मुंडकं घरी ठेवून नुसते हात पाठवले तरी कामाचा खोळंबा व्हायचा नाही. बाइंडर हसे. बिचाऱ्याला ती शाबासकी वाटे. पुढे जे घडलं ते या शाबासकीतूनच घडलं, म्हणून ती आधी सांगितली.

कारखान्याची खळही तोच शिजवी. पाण्यात पीठ कालवून मंद आचेवर ढवळायचं, घट्ट झालं की उतरवायचं आणि वरून मोरचुदाची पूड टाकायची. मोरचूद म्हणजे निळंशार विष. ते असलं की पुस्तकाला कसर लागत नाही, झुरळ फिरकत नाही, आणि खळीला फिकट निळसर झाक येते. पांढरी खळ त्या कारखान्यात कोणी कधी पाहिलेलीच नव्हती.

घरात तो आणि त्याची नात, दोघंच. लेक दोन वर्षांपूर्वी आजारात गेली. जावयाने वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला आणि इकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि त्यानंतर कधी एका जागी बसली नव्हती. तिची एक खोड होती. पाणी पिताना डोळे गच्च मिटून घ्यायची. “बघ हं, पाणी पळून जाईल,” असं बाइंडर दर वेळी म्हणायचा, आणि ती भांडं तोंडाला तसंच ठेवून हसायची नि अर्धं पाणी फ्रॉकवर सांडायची. एवढ्याशा विनोदावर दोघांनी दोन वर्षं काढली होती.

मुंगीच्या आत्याला मूलबाळ नव्हतं. घर मोठं होतं, नवरा मुखदुर्बळ पण भला होता, आणि भावाने पोरीला वाऱ्यावर सोडल्याची लाज तिला एकटीलाच वाटत होती. तिने फोन केला. वाढदिवसाला येते, म्हणाली, दोन दिवस राहते, पोरीचं कसं चाललंय ते डोळ्यांनी बघते. नीट चाललं असेल तर पुन्हा हा विषय काढणार नाही, नाहीतर सुट्टी लागली की तिला घेऊन जाईन. बाई भांडकुदळ असती तर बाइंडरने फोनवरच चार शब्द सुनावले असते. पण ती हळू आवाजात, अगदी समजुतीने बोलली, त्यामुळे त्याची पंचाईत झाली. या ताई, म्हणाला. फोन ठेवला आणि बराच वेळ मोरीत उगाच हात धूत बसला. मुंगी गेली तर घरात बोलायला कोण, हा विचारच त्याला सहन होईना.

वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर मुंगी म्हणाली, “मला पुस्तकात शिरायचंय.” दुसरं एखादं मूल असतं तर बाइंडर अडचणीत आला असता. खिशात फारसं काही नव्हतं, पण पुस्तकात शिरण्याचं सामान मात्र त्याच्याएवढं गावात कोणाकडे नव्हतं. कारखान्यात मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकाचे गठ्ठे पडून होते. छापताना रंग सरकल्यामुळे त्यातल्या प्रत्येक वाघाला दोन-दोन नाकं आली होती आणि राणीचा मुकुट शेजारच्या झाडावर जाऊन बसला होता. मालकांनी ते सगळे फुकट नेऊ दिले. रद्दीवाल्यानेही नाक मुरडलं होतं, तेव्हा दानशूरपणाचं फार कौतुक करायला नको.

आठ दिवस बाइंडरने कामावरून आल्यावर दुसरं काही केलं नाही. खोलीच्या चारही भिंतींवर त्याने गोष्टीची पानं क्रमाने लावली; त्या खळीसाठी मोरचुदाची पुडी कारखान्यातून आणून चुलीजवळच्या फळीवर ठेवली. दाराच्या चौकटीत जाड पुठ्ठ्याची दोन माणूसभर उंच पानं बसवली, त्यांना लाल कापडाची पाठ शिवली आणि वर मुंगीचं नाव चिकटवलं. मुलांनी पुस्तक उघडून आत यायचं. मुखवटे झाले, झाडं झाली, कागदाचा डोंगर झाला. मग मुंगी म्हणाली, राक्षस कशातून पितो? गोष्टीत राक्षसाची मेजवानी होती. राक्षसाच्या घरी स्टीलचे पेले कसे चालतील? बाइंडरलाही ते पटलं. त्याने जाड कागदाचे थर एकमेकांवर डकवून दहा उंच पेले करायचं ठरवलं.

पेल्यांची खळ वेगळी, हे त्याला कळत होतं. त्याने मुंगीला तसं सांगितलंही होतं, की यात पोरं पिणार, म्हणून यात मोरचूद नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी चुलीवर पीठ ढवळताना मनात आत्या होती. आत्या पलंग बघेल, मोरी बघेल, पोरीची नखं बघेल. नखं कापायची राहिलीत, हे त्याला तिथेच आठवलं. त्याने पातेलं उतरवलं, पेले डकवले, वाळवले, बाहेरून मेणबत्ती घासली. खळ नेहमीसारखी दिसली. नेहमीसारखी दिसली म्हणूनच त्याला शंका आली नाही.

आत्या केक घेऊन आली. सात तासांचा बसचा प्रवास, मांडीवर खोका. दारातलं पुस्तक पाहून ती थबकली. मुंगीने तिला हात धरून आत ओढलं, भिंतीवरची गोष्ट पहिल्या पानापासून वाचून दाखवली आणि दोन नाकांच्या वाघाशी ओळख करून दिली. आत्या हसली आणि मग पदराने डोळे पुसत बाइंडरपाशी आली. “आबा, ही इथेच बरी आहे हो,” ती म्हणाली. “मी उगाच जीव खाल्ला तुमचा.” बाइंडरने आत जाऊन लिंबाचं सरबत पेल्यांत ओतलं. इतका आनंद त्याला लेक गेल्यापासून झाला नव्हता.

नऊ मुलं आली होती आणि दहावी मुंगी. केक कापला, खाल्ला, राक्षसाची मेजवानी झाली. राक्षस मुंगीच होती. तिने डोळे मिटून तीन पेले रिचवले.

पाव तासात शेजारच्या शिंप्याचा मुलगा ओकला. मग दोघी बहिणी, मग मुंगी. मग एकामागून एक सगळीच. कोणी कागदाच्या डोंगरावर ओकलं, कोणी भिंतीपाशी. आया धावत आल्या. पोरांना उचलून सगळे चौकापलीकडच्या दवाखान्यात पळाले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? एका आईने आत्याकडे बोट केलं. सात तास बसमधून आणलेला केक! झालं, सगळ्यांना कारण सापडलं. शिंपीण तर आत्याच्या अंगावरच धावली. आत्या भिंतीला टेकून उभी होती. ती बाइंडरला म्हणाली, “आबा, माझ्या हातून हे असं झालं. मी कसली पोर वाढवणार? मी निघते. पुन्हा नाव काढणार नाही.”

डॉक्टरीणबाई केकच कारण धरून चालल्या होत्या. बाइंडर मुंगीच्या खाटेपाशी उभा होता. तिला पुन्हा ओकारी आली आणि त्याने ओंजळ पुढे केली. ओंजळीत जे आलं त्याला निळसर हिरवी झाक होती. हा रंग तो चौतीस वर्षं रोज पाहत आला होता. पातेलं उतरवल्यावर आपला उजवा हात फळीवरच्या पुडीकडे गेला होता, हे त्याला आत्ता आठवलं. हाताने कोणाला विचारलं नव्हतं.

खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात पाप आलं. पोरं ओकतायत, म्हणजे विष पडतंच आहे. डॉक्टर आहेत. आत्या स्वतःच निघाली आहे. एवढंच करायचं, हात धुवायचे आणि गप्प राहायचं. पलीकडच्या खाटेवर शिंप्याचा मुलगा पोट धरून कळवळत होता. बाइंडरने तिकडे पाहिलं, मग मुंगीकडे पाहिलं. मग ओंजळ तशीच धरून तो डॉक्टरीणबाईंपुढे गेला.

“केक नाही, बाई. मोरचूद आहे. माझ्या खळीतला. पेल्यांना मी लावलाय.”

मग डॉक्टरीणबाईंनी भराभर माणसं कामाला लावली, औषध बदललं, मोठ्या रुग्णालयाची गाडी मागवली. शिंप्याचा मुलगा चार दिवस तिथे राहिला, मुंगी तीन. वेळेवर कळलं नसतं तर त्या मुलाची मूत्रपिंडं गेली असती, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. शिंप्याने बाइंडरशी बोलणं टाकलं ते कायमचं, आणि बाइंडरला त्यात काही गैर वाटलं नाही. आत्या त्याला एका शब्दाने बोलली नाही. त्याने स्वतःच मुंगीचे कपडे घड्या करून पिशवीत भरले.

जायच्या दिवशी सकाळी दारात पुस्तक तसंच होतं. ते काढायला त्याच्या हातांना उमेद नव्हती. आत्या पिशवी घेऊन बाहेर उभी राहिली. “पाणी पिऊन जा गं,” बाइंडर म्हणाला. प्रवास लांबचा होता. त्याने घासून लख्ख केलेलं स्टीलचं भांडं माठात बुडवलं आणि तिच्या हातात दिलं.

मुंगीने भांडं घेतलं. उजेडाकडे जरा कलतं केलं आणि आत तळापर्यंत बघितलं. मग आजोबाकडे बघितलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून असेल, ती सगळं पाणी प्यायली, एक थेंब सांडला नाही. पण घोट संपेपर्यंत तिने डोळे उघडे ठेवले होते.